फ्लॉपी गेली, आरंभ उरला

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर अक्षरे उमटेपर्यंतचा काळ अगदी थोडा. परंतु तेवढ्यात त्या यंत्रास एक मूलभूत पेच सोडवावा लागतो. काम कसे करावे हे सांगणाऱ्या आज्ञा तबकडीवर असतात आणि तबकडी कशी वाचावी हे सांगणाऱ्या आज्ञाही तबकडीवरच असतात. मग पहिली आज्ञा वाचावयाची कोणी? किल्ली आत राहून पेटीस कुलूप लागावे, तशीच ही अडचण. स्वतःच्या बुटाचे पट्टे ओढून स्वतःसच वर उचलावे, अशी एक विनोदी कल्पना इंग्रजीत रूढ आहे. तीवरून या क्रियेस 'बूटस्ट्रॅप' आणि पुढे नुसते 'बूट' हे नाव पडले.

यावर योजलेला उपाय साधा आहे. यंत्रातच एका चिपमध्ये कायमची कोरलेली एक छोटी आज्ञावली ठेवावयाची. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला, त्यात या आज्ञावलीस 'बायोस' म्हणत. आरंभापुरते तिचे ज्ञान बेताचेच होते. फ्लॉपीचा, आणि पुढे हार्ड डिस्कचा, पहिला ५१२ बाइटांचा खण वाचावा व त्यातील आज्ञेच्या हाती कारभार सोपवून आपण बाजूस व्हावे, एवढेच तिचे काम. तो पहिला खण ज्या तबकडीवर यथायोग्य लिहिलेला असेल ती 'बूटेबल'.

फ्लॉपीचा जन्मच मुळी या आरंभाच्या कामासाठी झाला, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आयबीएमच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ॲलन शुगार्ट यांच्या हाताखालील अभियंते एका अडचणीवर विचार करीत होते. सिस्टिम-३७० या मोठ्या संगणकांच्या अंतर्गत सूचना आता अशा स्मृतीत ठेवल्या जाणार होत्या, की वीज गेली की त्या पुसल्या जात. त्या दर वेळी पुन्हा भरण्यासाठी स्वस्त आणि टपालाने धाडता येईल असे साधन हवे होते. त्यातून १९७१ साली आठ इंच व्यासाची लवचिक तबकडी बाजारात आली. तिच्यात सुमारे ८० किलोबाइट मावत आणि ते यंत्र ती केवळ वाचू शके. सामान्य माणसाने तीवर पत्रे व हिशेब लिहून ठेवावेत, हा विचार नंतरचा. पुढे १९७६ मध्ये सव्वापाच इंची आणि १९८१ मध्ये सोनीची साडेतीन इंची फ्लॉपी आली. १९८७ पासून रूढ झालेली १.४४ मेगाबाइटची फ्लॉपी आमच्या पिढीने कचेऱ्यांत फाइलींबरोबर जपून ठेवलेली आहे.

दरम्यान सीडी अवतरली होती. तीवरील माहितीची मांडणी सर्व उत्पादकांनी एकसारखी ठेवावी, यासाठी १९८५ साली नेवाडा राज्यात, लेक ताहोच्या परिसरातील हाय सिएरा नावाच्या हॉटेलात संबंधित कंपन्यांचे लोक एकत्र बसले. त्या विचारविनिमयातून जी मांडणी ठरली, तीच थोड्या फरकाने १९८८ साली 'आयएसओ ९६६०' या नावाने आंतरराष्ट्रीय प्रमाण झाली. एका सीडीत साडेचारशेहून अधिक फ्लॉप्यांचा ऐवज मावे. परंतु एवढी धनाढ्य तबकडी यंत्रास जागे मात्र करू शकत नसे, कारण बायोसला तिची ओळखच नव्हती. म्हणून विंडोज ९५ सीडीवर मिळत असूनही कोऱ्या यंत्रावर ते बसविताना प्रथम फ्लॉपी घालावी लागे.

हे कोडे १९९५ च्या जानेवारीत सुटले. फिनिक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीचे कर्टिस स्टीव्हन्स आणि आयबीएमचे स्टॅन मर्किन यांनी सीडीवरून आरंभ करण्याचा एक मसुदा सिद्ध केला व त्यास कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथील 'एल टोरिटो' या उपाहारगृहाचे नाव दिले. त्यातील युक्ती मोठी मार्मिक आहे. सीडीचा प्रत्येक खण २०४८ बाइटांचा असतो. शून्यापासून मोजता सतराव्या खणात एक नोंद ठेवावयाची. ती नोंद एका छोट्या सूचीकडे बोट दाखविते आणि ती सूची सांगते, की अमुक खणापासून पुढे एका संपूर्ण फ्लॉपीची हुबेहूब प्रतिमा ठेवलेली आहे. नवी बायोस ती प्रतिमा उचलते आणि हीच 'ए' ड्राइव्हमधील फ्लॉपी होय, असे यंत्रास भासविते. खरी फ्लॉपी ड्राइव्ह जोडलेली असेल, तर तिला निमूटपणे 'बी' व्हावे लागते. जुन्या आज्ञावलीस या वेषांतराचा पत्ताही लागत नाही. एका फ्लॉपीची १४,७४,५६० बाइटांची प्रतिमा सीडीच्या नेमक्या ७२० खणांत बसते. जुने न मोडता नव्याने त्याचाच वेष घेऊन त्याचे काम पुढे चालविले, असा हा प्रकार. प्रतिमेवाचून थेट आरंभ करण्याची सोयही त्याच मसुद्यात होती व पुढे तीच अधिक रूढ झाली.

या सोयीचे महत्त्व लवकरच कळून आले. ॲपलने १९९८ साली आपला आयमॅक संगणक फ्लॉपी ड्राइव्हवाचून विक्रीस आणला. त्याच्या आरंभाची रीत निराळी होती. परंतु वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे, हे त्यावरून उमगले. २००३ साली डेलनेही आपल्या काही संगणकांतून फ्लॉपी ड्राइव्ह वगळली. अशा यंत्राची हार्ड डिस्क रुसली, की ते सुरू कसे करावे हा प्रश्न घरोघरी उभा राहू लागला.

अशी सीडी तयार करताना एक गैरसमज हटकून आड येई. फ्लॉपीतील फाइली सीडीवर उतरविल्या म्हणजे काम झाले, असे लोकांस वाटे. परंतु आरंभाचा तो पहिला खण ही फाइल नव्हे. यादीत ती दिसत नाही व नकलेत उतरत नाही. यासाठी फ्लॉपी असलेल्या एखाद्या यंत्रावर आधी बूटेबल फ्लॉपी करावी, तिची पहिल्या खणापासून शेवटच्या खणापर्यंत प्रतिमा घ्यावी आणि सीडी राइट करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'बूटेबल' हा पर्याय निवडून ती प्रतिमा त्यास द्यावी, ही खरी रीत. शिवाय त्या प्रतिमेत सीडी ड्राइव्हचा ड्रायव्हर आणि 'एमएससीडीईएक्स' ही डॉसची आज्ञावली असावीच लागे. नाही तर विलक्षण प्रकार घडे : यंत्र सीडीवरून सुरू होई, पण त्याच सीडीवरील उरलेला मजकूर त्यास दिसत नसे! शेवटी सेटअपमध्ये जाऊन सीडीस आरंभक्रमात पहिले स्थान द्यावयाचे.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. जर्मनीतील क्लाउस नॉपर यांनी २००० साली 'नॉपिक्स' प्रसृत केले व हार्ड डिस्कला हात न लावता संपूर्ण लिनक्स एका सीडीवरून चालू लागले. सोनीने २०११ साली फ्लॉपीची विक्री थांबविली. बायोसची जागा पुढे 'यूईएफआय' या नव्या पद्धतीने घेतली. आज यंत्राचा आरंभ बहुधा पेन ड्राइव्हवरून होतो. तथापि त्यावर घालण्यासाठी ज्या आयएसओ प्रतिमा मिळतात, त्यांपैकी पुष्कळांत १९९५ ची ती सूची अद्याप नांदत आहे. ही पद्धत टिकली ती जाहीर करारामुळे. मसुदा सर्वांपुढे मांडला गेला, म्हणून कोणत्याही कंपनीचे यंत्र आणि कोणाचीही सीडी एकमेकांस ओळखू शकली.

आपल्या मराठी मजकुराच्या वाट्यास मात्र हे भाग्य सुरुवातीस आले नाही. देवनागरीसाठी १९९१ साली 'इस्की' हे भारतीय प्रमाण ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरीस स्थान मिळाले. तरीही विंडोज २००० येईपर्यंत घरगुती संगणकावर त्याचा उपयोग सहज होत नसे. त्या काळात व नंतरही कित्येक वर्षे फाँट तयार करणाऱ्या प्रत्येकाची अक्षरजुळणी वेगळी राहिली. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील जुन्या घराण्यांतून त्या दिवसांत हौसेने वंशावळी, कुलवृत्तान्त, मंडळांची इतिवृत्ते टंकित झाली व ती फ्लॉप्यांवर किंवा माळ्यावरील संगणकात तशीच पडून आहेत. बूटेबल सीडीने ते यंत्र जागे होईल. पण फाँट हरवला असेल, तर पडद्यावर आजोबांच्या नावाऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. मोडीच्या बाबतीत हे आपण अनुभवलेच आहे. घराघरांत कागद आहेत, शाईही फारशी विटलेली नाही, परंतु वाचणारा शोधत हिंडावे लागते. फरक इतकाच, की मोडी शिकता येते. हरवलेला फाँट आणि विटलेली चुंबकीय तबकडी मात्र वाट पाहत नाही.

यास्तव आमची वाचकांस विनंती आहे. जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्याची हार्ड डिस्क न पुसता, जाणकाराकडून योग्य त्या आरंभतबकडीने ते एकवार सुरू करून घ्यावे. यूएसबीने जोडावयाची फ्लॉपी ड्राइव्ह मिळाल्यास फ्लॉप्याही वाचून घ्याव्यात. मजकुराबरोबर विंडोजच्या 'फाँट्स' फोल्डरातील मराठी फाँटही उतरवून घ्यावेत, मजकूर युनिकोडमध्ये बदलून ठेवावा आणि एक प्रत कागदावर छापावी. त्या प्रतीच्या पहिल्या पानावर कोणत्या साली, कोणत्या प्रोग्रॅममध्ये व कोणत्या फाँटात हे लिहिले, एवढ्या तीन ओळी हाताने लिहाव्यात. नातवंडांस ती प्रत उघडावीशी वाटेल तेव्हा त्या तीन ओळींवरून त्यांना पुढची वाट सापडेल.