सरमेचा प्रश्न

आदिपर्वातील अनुक्रमणिका आणि पर्वसंग्रह ओलांडून वाचक पौष्यपर्वात शिरतो, तेव्हा आरंभीच त्याच्या कानी पडते ते एका कुत्र्याचे रडणे. कुरुक्षेत्री जनमेजयाचे दीर्घ सत्र चालू आहे. सरमा या देवशुनीचा मुलगा तेथे येतो. जनमेजयाचे भाऊ श्रुतसेन, उग्रसेन आणि भीमसेन त्याला मारतात, आणि तो रडत आईकडे जातो. महायुद्धाची कथा सांगणाऱ्या ग्रंथाने आपले दार या आवाजाने उघडावे, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

सरमा पुढे काय करते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ती प्रथम मुलाला विचारते की तू का रडतोस, तुला कोणी मारले. नाव कळल्यावर ती लगेच संतापत नाही; तुझ्याकडूनच काही आगळीक झाली असेल, असे म्हणते. मुलगा सांगतो की मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही आणि ते चाटलेही नाही. यानंतरच ती सत्रात जाऊन जाब विचारते. तिला कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते की निरपराधाला मारलेत, म्हणून तुमच्यावर न दिसणारे भय कोसळेल.

रडण्याचे कारण विचारणे, रडणाऱ्याचे वर्तन तपासणे आणि मग ज्या परिस्थितीत तो रडला ती पाहणे, अशा या तीन पायऱ्या आहेत. कुत्र्याचा आवाज हे त्याचे स्वतःविषयीचे निवेदन आहे, हे त्यांमागचे गृहीत आहे. आमच्या मते आपल्या परंपरेत या गृहीताची पुढे पीछेहाट झाली.

सहाव्या शतकात वराहमिहिराने रचलेल्या बृहत्संहितेत श्वचक्र नावाचे एक प्रकरण आहे. कुत्रा कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला तोंड करून ओरडला, यावरून माणसाला कोणते फळ मिळेल, याचा विचार त्यात येतो. निरीक्षण येथेही आहे, पण प्रश्न बदलला आहे. ‘याला काय झाले?’ याच्या जागी ‘मला काय होणार?’ हा प्रश्न आला. कुत्रा बोलणारा उरला नाही. तो आपल्या भविष्याचा नुसता निरोप्या झाला.

मराठी भाषेने मात्र दोन्ही दृष्टी जपल्या आहेत. भुंकणे, गुरगुरणे, केकाटणे, विव्हळणे, कुईकुई करणे या शब्दांत इशारा, राग, वेदना आणि आर्जव यांचे भेद स्पष्ट आहेत. पण रात्री लांब हेल काढलेला आवाज ऐकू आला की आपण ‘कुत्रे रडते आहे’ म्हणतो आणि अभद्राच्या शंकेने दगड शोधतो. आमच्यापैकी एकाचे वडील अंथरुणाला खिळले असताना खिडकीखाली एक कुत्रे रात्रभर रडत होते. आम्ही काठी घेऊन त्याला हाकलले. ते मागचा पाय ओढीत गेले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. तरी त्या रडण्याचा अर्थ आम्ही वडिलांच्या नाडीत शोधला. वडील त्यानंतर चार वर्षे जगले. त्या कुत्र्याचे काय झाले, हे आम्ही पाहिले नाही.

युरोपात हा प्रश्न पुन्हा नीट मांडला गेला तो एकोणिसाव्या शतकात. डार्विनने 1871 साली मानवाच्या उत्पत्तीवरील ग्रंथात पाळीव कुत्र्याच्या भुंकण्याचे वेगवेगळे सूर नोंदवले. शिकारीतली उत्सुकता, राग, कोंडून ठेवल्यावरची निराशा, फिरायला निघतानाचा आनंद, दार उघडावे म्हणून केलेली विनवणी हे भेद त्याने केले. 1872 च्या भावाविष्कारांवरील ग्रंथात त्याने शरीराची भाषाही वाचली. चालून येणारा कुत्रा ताठ आणि उंच होतो, तर लीन झालेला कुत्रा वाकतो आणि अंग सैल सोडतो. एकमेकांविरुद्ध भाव एकमेकांविरुद्ध आकार घेतात. 1977 मध्ये यूजीन मॉर्टन यांनी अनेक पशुपक्ष्यांचे आवाज तपासून सांगितले की खोल, खरखरीत आवाज आक्रमकतेकडे झुकतो, तर उंच, स्वच्छ सूर भीतीकडे किंवा सलगीकडे. कुत्र्याचे कुईकुई करणे या दुसऱ्या प्रकारात मोडते. बुडापेस्ट येथील संशोधकांनी 2005 मध्ये दाखवले की ज्यांनी कधी कुत्रा पाळला नाही, अशी माणसेही ध्वनिमुद्रित भुंकणे ऐकून प्रसंगाचा बराचसा योग्य अंदाज करतात. आपल्याला ऐकू येते. विचारण्याची सवय तेवढी मोडली आहे.

आज घरोघरी कुत्री आली आहेत आणि त्यांच्या कुईकुईचे काय करावे, हा व्यावहारिक प्रश्न झाला आहे. तेथेही सरमेची पायरी सोडून चालत नाही. भावंडांपासून तोडून आणलेले पिलू पहिल्या रात्री रडते, ते एकटेपणाने. त्याला माणसाच्या जवळपास झोपू देणे हाच उपाय. दाराशी घुटमळत केलेली कुईकुई बाहेर नेण्याची मागणी असते. शांत असलेला मोठा कुत्रा अचानक विव्हळू लागला, तर प्रथम पशुवैद्याला दाखवावे. या गरजा तपासून झाल्यावर केवळ लक्ष वेधण्यासाठी चाललेला आवाज उरला, तर तो थांबल्याच्या क्षणी जवळ घ्यावे; आवाजाला लाडाने उत्तर दिले की कुत्रा तोच धडा शिकतो. मारण्याने मात्र भीती वाढते आणि भीतीचा आवाज हाच तर मूळ आवाज असतो.

शाप ऐकल्यावर जनमेजय अस्वस्थ झाला. त्याचे निवारण करू शकेल असा पुरोहित शोधत तो निघाला आणि शेवटी श्रुतश्रवा ऋषींचा मुलगा सोमश्रवा याला घेऊन परतला. अपशकुनाला शांत करण्याची सारी खटपट या राजाने केली. मार खाल्लेल्या कुत्र्याकडे तो गेल्याचे कथेत कोठेही नाही. सरमेला एवढेच हवे होते की तिच्या प्रश्नाला कोणी उत्तर द्यावे. त्यासाठी पुरोहित लागत नव्हता.