दुरुस्ती आणि अवसर : मानवी पेशीतील डी. एन. ए. दुरुस्तीच्या संकल्पनेचा इतिहास

१

एखादी घटना समोर असूनही तिला नाव नसल्यामुळे तिचा विचार होत नाही, आणि नाव मिळाल्यावर विचार त्या नावाच्याच चौकटीत काही काळ अडकून राहतो, असे विज्ञानाच्या इतिहासात अनेकदा आढळते. मानवी पेशी आपल्या डी. एन. ए. रेणूला झालेली इजा कशी भरून काढते व त्या कार्याचे नियमन कसे करते, या प्रश्नाचा इतिहास या दोन्ही प्रवृत्तींचे बोलके उदाहरण होय. प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे, जीवरसायनशास्त्राचा नव्हे. म्हणून येथे प्रयोगांचे तांत्रिक परीक्षण न करता संकल्पना कशी पालटत गेली, एवढेच पाहावयाचे आहे.

१९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी डी. एन. ए.ची दुपदरी रचना मांडली. दोन धागे परस्परपूरक असल्यामुळे एकावरील मजकूर बिघडल्यास दुसऱ्यावरून तो पुन्हा सिद्ध करता यावा, हे अनुमान त्या रचनेतच अंतर्भूत होते. तथापि ते त्या वेळी काढले गेले नाही. दुरुस्ती करणाऱ्या एन्झाइमांचा विचार आपल्याकडून पूर्णपणे राहून गेला, अशी कबुली क्रिक यांनी पुढे १९७४ साली दिली. आनुवंशिकतेचे द्रव्य स्वभावतःच स्थिर असणार, ही तत्कालीन समजूत याच्या मुळाशी असावी. तिला धक्का दिला तो टोमास लिंडाल यांनी. नुसत्या पाण्याच्या सान्निध्यात, शरीराच्या तापमानालाही हा रेणू झिजत असतो आणि एका मानवी पेशीत दररोज सुमारे १०,००० प्यूरिन घटक गळून पडत असावेत, असा हिशेब त्यांच्या १९७२ च्या संशोधनातून निघाला. इतकी झीज होऊनही रेणू टिकतो, त्या अर्थी तो सतत कोणी तरी सावरत असले पाहिजे.

२

त्या सावरण्याचा पहिला पुरावा मात्र १९५३ च्याही आधीचा आहे. १९४९ साली आल्बर्ट केल्नर यांना जंबुपार किरणांनी मृतप्राय झालेले सूक्ष्मजीव साध्या प्रकाशात पुन्हा वाढू लागलेले आढळले. रेनातो दुल्बेको यांनी त्याच वर्षी जिवाणुभक्षी विषाणूंच्या बाबतीत तेच पाहिले. ही प्रकाशाधीन सोय माणसाच्या पेशींत नाही. माणसापुरती महत्त्वाची ठरली ती प्रकाशाविना चालणारी दुसरी रीत : बिघडलेला तुकडा कापून काढणे आणि समोरच्या धाग्यावरून नवा तुकडा भरणे. १९६४ साली सेटलो व कॅरिअर आणि बॉइस व हॉवर्ड-फ्लँडर्स यांनी जिवाणूंमध्ये ती दाखवून दिली. कापणे आणि ठिगळ लावणे, अशा शिंपीकामाच्या शब्दांत तिचे वर्णन होऊ लागले.

१९६८ साली जेम्स क्लीव्हर यांनी हा धागा मानवी रोगाशी जोडला. झेरोडर्मा पिग्मेंटोसम या आनुवंशिक रोगात मुलांची त्वचा उन्हाने करपते व लहान वयातच त्वचेचा कर्करोग होतो. या रुग्णांच्या पेशींना ठिगळ लावण्याचे काम साधत नाही, असे क्लीव्हर यांना दिसून आले. दुरुस्तीतील दोष आणि कर्करोग यांचा संबंध माणसात प्रथमच स्पष्ट झाला. पुढे बोट्स्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली दोन रुग्णांच्या पेशी एकत्र केल्या, तेव्हा काही जोड्यांत त्या एकमेकींची उणीव भरून काढतात असे आढळले. अर्थात कारागीर एक नसून अनेक होते.

येथे आपल्या भाषेतील एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. फारसीतून आलेला ‘दुरुस्ती’ हा शब्द मराठीत मोडक्या वस्तूलाही लागतो व लेखनातील चुकीलाही. पेशीमध्ये ही दोन्ही कामे आहेत, परंतु ती भिन्न आहेत. इजा झालेले अक्षर रासायनिक दृष्ट्याच विरूप असते, म्हणून ते ओळखता येते. नकल करताना चुकीचे अक्षर पडले, तर दोन्ही अक्षरे धडधाकट असतात. केवळ त्यांचे परस्परांशी जुळत नाही. अशा वेळी मूळ पाठ कोणता, हा पोथीच्या संपादकाला पडणारा प्रश्न पेशीलाही सोडवावा लागतो. ती नव्याने लिहिलेला धागा ओळखून त्यातील अक्षर बदलते. मात्र ती चूक वा इजा तशीच राहून पुढची नकल झाली, तर दोन्ही धागे एकमेकांशी जुळतात आणि चूक ही चूक न राहता पाठ होऊन बसते. उत्परिवर्तन म्हणतात ते हेच. सारांश, दुरुस्ती हा कौशल्याइतकाच वेळेचाही प्रश्न आहे.

३

हे वेळेचे महत्त्व कळण्यास दुसरा एक रोग कारणीभूत झाला. अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेसिया या रोगाने पीडित मुलांना कर्करोगासाठी नेहमीच्या मात्रेत क्ष-किरण दिले असता भयंकर अपाय होई. त्यांच्या पेशीही किरणांपुढे दुबळ्या असल्याचे १९७५ साली सिद्ध झाले. येथेही एखादा कारागीर नसावा, अशी अपेक्षा साहजिक होती. परंतु तुटलेले धागे जोडण्याचे काम या पेशींत बहुतांशी नीट चाललेले दिसे. १९८० साली पेंटर व यंग यांनी खरा भेद दाखविला. किरणांचा आघात होताच निरोगी पेशी नकल करण्याचे काम मंदावते. या रुग्णांची पेशी ते तसेच चालू ठेवते. कारागीर हजर होते. ‘थांबा’ म्हणणारे कोणी नव्हते.

या विचाराला काटेकोर रूप दिले ते १९८८ साली वायनर्ट व हार्टवेल यांनी, तेही किण्वाच्या पेशींवर. आरएडी ९ हे जनुक निकामी असलेल्या पेशी किरणांचा मारा झाल्यावरही विभाजन पावत व मरत. त्यांनाच औषधाने काही काळ अडवून धरले, तर पुष्कळ जगत. दुरुस्तीची शक्ती त्यांच्यात होतीच. अवसर तेवढा नव्हता. या व्यवस्थेला तपासणी-नाक्याचे नाव मिळाले.

मानवी पेशीतील यंत्रणा पुढील काळात उलगडली. १९९५ साली योसेफ शिलोह यांच्या गटाने उपर्युक्त रोगाचे एटीएम हे जनुक शोधले. त्याचे प्रथिन एरवी जोडीने निष्क्रिय असते, डी. एन. ए. तुटताच जोडी सुटते आणि ते इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडून वर्दी पोचविते. पी ५३ हे प्रथिन तर पेशी सतत निर्माण करते आणि सतत नष्टही करते. वर्दी येताच त्याचा नाश थांबतो, ते साठते, आणि विभाजन रोखले जाते. इजा फार असल्यास तेच पेशीला मरणाकडे नेते. तुटलेली टोके कशी जोडावयाची, हेदेखील वेळेवर ठरते : नकल झाल्यानंतर जवळ दुसरी प्रत असते, तेव्हा तिच्यावरून पाहून; एरवी टोकाला टोक भिडवून. अशा वर्दीचे धनी सातशेहून अधिक प्रथिने आहेत, असे २००७ साली एलेज यांच्या गटाने दाखविले.

४

‘दुरुस्ती’ या शब्दाने अभ्यासकांपुढे कारागीर उभा केला आणि त्या कारागिराचा शोध यशस्वीही झाला. परंतु काम केव्हा करावे, कोणत्या रीतीने करावे आणि केव्हा सोडून द्यावे, हा प्रश्न त्या शब्दात मावत नव्हता. तो रुग्णांच्या पेशींनी विचारावयास लावला. २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लिंडाल, मॉड्रिच व सँजार यांना दुरुस्तीच्या कार्यपद्धतींबद्दल मिळाले, आणि त्याच वर्षी लास्कर पारितोषिक एव्हलिन विट्किन व स्टीफन एलेज यांना, इजेला पेशी देत असलेल्या प्रतिसादाच्या शोधाबद्दल. एकाच विषयाची दोन अंगे त्या वर्षी अशी शेजारी शेजारी गौरविली गेली.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आपण मराठीत परिभाषा घडवितो, तेव्हा ‘डी. एन. ए. दुरुस्ती’ या शब्दाने काम भागले असे मानू नये. ‘नियमन’ हा त्याचा जोडशब्द सोबत असलाच पाहिजे. क्ष-किरणांनी अपाय झालेल्या त्या मुलांच्या पेशींत उणीव होती ती मुख्यतः या दुसऱ्या शब्दाची.