थकबाकीचा फोन

काशीमीरा नाका म्हणजे दोन रस्त्यांचा सांधा. अहमदाबादकडे जाणारा महामार्ग आणि ठाण्याकडे वळणारा घोडबंदर रस्ता इथे भेटतात. ट्रक, टपऱ्या आणि रिक्षांच्या या गर्दीचा अमेरिकेतल्या सरकारी थकबाकीशी काही संबंध असेल, असं कुणाच्या मनातही आलं नसतं. तो संबंध ऑक्टोबर २०१६ च्या पहिल्या आठवड्यात एका रात्री जगासमोर आला. ठाणे पोलिसांनी शेजारच्या मिरा रोडमधल्या कॉल सेंटरांवर छापे घातले, सातशेहून जास्त तरुण-तरुणींना चौकशीसाठी ताब्यात घेतलं आणि सुमारे ७० जणांना अटक केली.

तिथलं काम रात्रीचं, कारण इथे रात्र असते तेव्हा अमेरिकेत कचेऱ्या उघड्या असतात. हातात छापील स्क्रिप्ट, तोंडात घोटून घेतलेले अमेरिकी उच्चार आणि एखादं अमेरिकी नाव. पलीकडे फोन उचलला गेला की सांगायचं, आम्ही आयकर खात्यातून बोलतोय, तुमच्याकडे सरकारचं देणं थकलंय, आत्ता भरलं नाहीत तर पोलीस दारात येतील. घाबरलेल्या माणसाला दुकानात पाठवून गिफ्ट कार्डं विकत घ्यायला लावायची आणि त्यांवरचे आकडे फोनवरच वाचून घ्यायचे.

त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या न्याय खात्याने अशाच एका साखळीविरुद्धचं आरोपपत्र खुलं केलं. त्यात ६१ व्यक्ती आणि संस्था होत्या, आणि कॉल सेंटरं अहमदाबादची. तिथले लोक कधी आयकरवाले व्हायचे, कधी इमिग्रेशनवाले. धमक्यांच्या यादीत अटक आणि दंडाच्या जोडीला देशाबाहेर हाकलण्याचीही धमकी होती. नुकत्याच तिकडे गेलेल्या माणसाला आयकराच्या नोटिशीपेक्षा हीच धमकी जास्त झोंबणार, हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असावं.

धमकी खोटी होती, पण तिच्यामागची भीती हवेतून आलेली नव्हती. सरकारी पैसा आणि परदेशी माणूस यांची सांगड अमेरिकेने १८८२ सालीच घातली. स्वतःचा भार स्वतः उचलू न शकणाऱ्या, म्हणजे सरकारी खजिन्यावर बोजा होणाऱ्या माणसाला बंदरातूनच परत पाठवा, असं त्या वर्षीच्या कायद्याने सांगितलं. पुढे १८९१ मध्ये शब्द बदलले आणि ‘बोजा होण्याची शक्यता’ एवढंही कारण पुरेसं ठरलं. शक्यता मोजायची कशी? ते अधिकाऱ्याच्या नजरेवर. ओरेगनमधल्या पोर्टलंडला काम मिळणार नाही, म्हणून काही रशियन मजुरांना अधिकाऱ्यांनी अडवलं. तेव्हा १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की एखाद्या शहरात रोजगार नाही हा त्या माणसाचा दोष नव्हे.

आत आलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न १९४८ मध्ये सुटला, आणि या साऱ्या गोष्टीतला सर्वांत समजूतदार निर्णय बहुधा तोच. प्रकरण सरकारी मनोरुग्णालयात ठेवलेल्या एका परदेशी रुग्णाचं होतं. अशा माणसाला देशाबाहेर काढण्यासाठी इमिग्रेशन अपील मंडळाने तीन अटी घातल्या. सरकारी मदतीचे पैसे परत घेण्याची तरतूद कायद्यात हवी, सरकारने ते रीतसर मागितलेले हवेत, आणि मागूनही ते भरलेले नसावेत. नुसती मदत घेतली म्हणून कुणाला देशाबाहेर काढता येणार नाही. म्हणजे खरी थकबाकीसुद्धा एवढ्या पायऱ्या चढून आल्याशिवाय माणसापर्यंत पोचत नव्हती. मिरा रोडच्या फोनमध्ये या पायऱ्या मिनिटाभरात संपायच्या.

नवरा किंवा बायको बोलावून घेणाऱ्यांची गोष्ट थोडी वेगळी. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांना सुट्टीत येऊन लग्न करायचं आणि मग बायकोच्या कागदपत्रांमागे लागायचं, हे चांगलं परिचयाचं. त्या काळात बायकोचा भार सरकारवर पडू देणार नाही अशा हमीपत्रावर सही व्हायची, पण न्यायालयं ते नैतिक बंधन मानून सोडून देत. १९९६ मध्ये कायदा बदलला आणि १९ डिसेंबर १९९७ पासून हमीपत्राला दात आले. गावच्या सोसायटीत दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. स्पॉन्सरचं, म्हणजे बोलावून घेणाऱ्याचं, उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या सव्वापट हवं. बायकोने ठरावीक सरकारी मदत घेतली, तर सरकार ती रक्कम नवऱ्याकडे मागू शकतं, खटलाही भरू शकतं. घटस्फोट झाला तरी ही हमी सुटत नाही. बायको नागरिक झाली किंवा तिच्या खात्यावर साधारण दहा वर्षांचं काम जमा झालं, की मग ती संपते.

कॅनडात थकबाकी आणि स्पॉन्सरशिप यांची गाठ अधिक घट्ट आहे. पूर्वी बोलावून घेतलेल्या माणसाने सरकारी मदत घेतली आणि स्पॉन्सरने ती फेडली नाही, तर तो दुसऱ्या कुणाला बोलावू शकत नाही. इमिग्रेशनसाठी सरकारकडून घेतलेलं कर्ज थकलं, न्यायालयाने ठरवलेली पोटगी थकली, तरी तेच. स्वतः सरकारी मदतीवर जगणाऱ्यालाही दार बंद. अपंगत्वामुळे मिळणारी मदत तेवढी वगळलेली. मात्र जादा मिळालेला बेकारभत्ता परत करायचा राहिलाय किंवा आयकर थकलाय, ही देणी त्या यादीत बसत नाहीत. लोक नेमके इथेच गोंधळतात आणि अर्ज न करताच बसून राहतात. पती-पत्नीसाठीची हमी पूर्वी दहा वर्षांची होती, २००२ पासून ती तीन वर्षांवर आली.

जुन्या हमींची बिलं मात्र येतच राहिली. ओंटारियोतल्या आठ स्पॉन्सरांनी त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १० जून २०११ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. देणं माफ होणार नाही, पण वसुलीआधी सरकारने नोटीस दिली पाहिजे, त्या माणसाला आपली अडचण मांडू दिली पाहिजे आणि परिस्थिती बघून वसुली लांबवण्याचा विचार केला पाहिजे.

आणि खोट्या थकबाकीचं काय? ज्या साखळीचं आरोपपत्र ऑक्टोबर २०१६ मध्ये खुलं झालं, तिच्यातल्या अमेरिकेत पकडल्या गेलेल्या २१ जणांना जुलै २०१८ मध्ये टेक्ससमध्ये शिक्षा सुनावण्यात आल्या. त्यांतली सर्वांत मोठी शिक्षा २० वर्षांची होती.