जंगल राखण्याचा भार कोणावर? : जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यातील करविरोध आणि आर्थिक न्यायाचा प्रश्न

प्रस्तावना

पर्यावरणरक्षणासाठी आकारलेल्या करांना होणारा लोकविरोध हा सामान्यतः एकविसाव्या शतकातील प्रश्न मानला जातो. नोव्हेंबर २०१८ मध्ये फ्रान्समध्ये इंधनावरील करवाढीविरुद्ध मोठे आंदोलन झाले आणि सरकारला २०१९ साठी नियोजित वाढ रद्द करावी लागली. शहरांपासून दूर राहणाऱ्या अल्प उत्पन्न गटावर या कराचा भार अधिक पडतो, ही त्यामागील प्रमुख तक्रार होती. मात्र निसर्ग राखण्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात एकोणिसाव्या शतकातच उभा राहिला होता. येथे त्याला 'पर्यावरण कर' असे नाव नव्हते. चराईची फी, दंड आणि मनाई या रूपांत तो वसूल होत होता.

मोजणी, सारा आणि सावकार

या भागातील महादेव कोळी समाजाच्या इतिहासात करविरोधाची परंपरा जुनी आहे. सतराव्या शतकात मोगल अंमलाखाली जमिनीची काटेकोर मोजणी होऊन निश्चित सारा ठरविण्यात आला, तेव्हा डोंगरी कोळ्यांनी बंड केले. ते निर्दयपणे मोडण्यात आले आणि शिवनेरी परिसरातील काळा चौथरा हे त्याचे स्मारक आहे, अशी परंपरा ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे.

ब्रिटिश राजवटीत सारा रोखीने भरणे बंधनकारक झाले. नाचणी, वरई आणि थोडाफार भात यांवर जगणाऱ्या कुटुंबाजवळ रोकड नसे. ती सावकाराकडून आणावी लागे. १८७३ मध्ये आंबेगाव भागातील जांभोरीचा होन्या भागोजी केंगले याने सावकारांविरुद्ध उठाव सुरू केला. १८७६ मध्ये तो पकडला गेला. दरम्यान १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. नवा वनकायदा येण्यापूर्वीच येथील अर्थव्यवस्था रोकडीच्या टंचाईने जेरीस आली होती, हे लक्षात घेणे आवश्यक ठरते.

वनकायदा : न दिसणारा कर

१८७८ च्या भारतीय वन कायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित व ग्रामवने अशी वर्गवारी केली. शासनाची चिंता सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. रेल्वे व वाढत्या शहरांच्या मागणीमुळे डोंगर उघडे पडत होते. परंतु ही मागणी डोंगरातील रहिवाशांनी निर्माण केलेली नव्हती. निर्बंध मात्र त्यांच्यावर आले. भातरोपांसाठी राब भाजण्याकरिता लागणाऱ्या फांद्या, चुलीचे सरपण, गुरांचा चारा आणि उतारावरील फिरती शेती या पूर्वी वहिवाटीने चालणाऱ्या गोष्टींना आता परवानगी किंवा फी लागू लागली.

येथे कराच्या न्याय्यतेचा मूलभूत मुद्दा उपस्थित होतो. समान दराची चराई फी वरकरणी समान वाटते. पण ज्याच्या उत्पन्नात रोकडीचा वाटा नगण्य आहे, त्याला ती सर्वाधिक जड जाते. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) या ग्रंथात वनखात्याने गरिबांची चराईची राने गिळंकृत केल्याबद्दल कठोर टीका केली. जुन्नर परिसर हा सत्यशोधक चळवळीचा महत्त्वाचा भाग होता. त्यामुळे या टीकेमागे जुन्नरसारख्या भागातील शेतकऱ्यांचा प्रत्यक्ष अनुभव होता, असे मानण्यास जागा आहे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोषामुळे मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. १९३० च्या जंगल सत्याग्रहाने हाच प्रश्न राष्ट्रीय चळवळीत आणला. त्यावर्षी २५ सप्टेंबर रोजी चिरनेर येथे झालेल्या गोळीबारात सत्याग्रही हुतात्मे झाले.

स्वातंत्र्योत्तर काळ

राज्यकर्ते बदलले, तरी भाराची वाटणी फारशी बदलली नाही. घोड नदीवरील डिंभे धरणात जुने आंबेगाव गाव व आदिवासींच्या जमिनी बुडाल्या. कुकडी प्रकल्पाचे पाणी पूर्वेकडील ऊस व बागायती पट्ट्याला मिळाले. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य घोषित झाले. शेकरूसारख्या प्राण्याच्या संरक्षणासाठी ते मोलाचे ठरले. मात्र जंगलावर उपजीविका असणाऱ्यांवर नवे निर्बंध आले. पाणलोट राखतो एक आणि पाण्याचा लाभ घेतो दुसरा, अशी ही व्यवस्था होय.

येथील लोकांची भूमिका जंगलविरोधी होती असे दिसत नाही. हिरडा हे या भागातील रोख उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन असून हिरड्याचे झाड टिकविण्यात लोकांचेच हित आहे. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळात या झाडांची हानी झाल्यावर भरपाईसाठी आंदोलने करावी लागली, यावरून या झाडाचे आर्थिक महत्त्व स्पष्ट होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने प्रास्ताविकातच आदिवासींवर झालेला ऐतिहासिक अन्याय मान्य केला आणि गौण वनोपजावरील त्यांची मालकी मान्य केली.

समारोप

जुन्नर-आंबेगावच्या इतिहासावरून असे दिसते की, लोकांचा विरोध निसर्गरक्षणाच्या हेतूला नव्हता. तो भाराच्या विषम वाटणीला होता. जो कर ऐपत पाहत नाही, वहिवाट विचारात घेत नाही आणि ज्याचा लाभ भरणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, तो कितीही उदात्त हेतूने लावला तरी लोकमान्य होत नाही. पाणी, हवा व जंगल यांच्या रक्षणासाठी नवे कर सुचविले जात असताना डोंगर राखणाऱ्यास त्या रक्षणाचा मोबदला मिळेल का, हा प्रश्न प्रथम विचारला गेला पाहिजे. एकोणिसाव्या शतकात तो विचारला गेला नाही. त्याची किंमत डोंगरातील माणसाने आणि जंगलानेही मोजली.