कहिलत हदार

कहिलत हदार हा अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागात स्वयंसेवकांनी स्थापन केलेला आणि चालवलेला ज्यू प्रार्थनासमुदाय आहे. एली कॉनफर, ईथन टकर व मारा बेंजामिन या तरुणांनी २००१ साली अप्पर वेस्ट साइड या वस्तीत तो सुरू केला. हिब्रू भाषेत 'कहिला' म्हणजे समुदाय आणि 'हदार' म्हणजे वैभव वा शोभा.

पार्श्वभूमी

ज्यू धर्मशास्त्रानुसार मृतांच्या स्मरणार्थ म्हटला जाणारा कद्दीश, तोराचे जाहीर वाचन इत्यादी विधींसाठी दहा प्रौढ व्यक्तींची गणपूर्ती आवश्यक असते. तिला 'मिन्यान' म्हणतात. परंपरेने यात केवळ तेरा वर्षांवरील पुरुष मोजले जातात. नऊ पुरुषांसह कितीही स्त्रिया उपस्थित असल्या तरी ऑर्थोडॉक्स सिनेगॉगमध्ये मिन्यान पूर्ण होत नाही. स्वतःच्या वडिलांसाठी कद्दीश म्हणू इच्छिणारी मुलगीही त्या दहांत धरली जात नाही. अमेरिकेतील कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मशास्त्र समितीने १९७३ मध्ये स्त्रियांना मिन्यानमध्ये मोजण्यास अनुमती दिली.

प्रार्थनेसाठी रब्बीची उपस्थिती मात्र शास्त्राने कधीच अनिवार्य केलेली नाही. (कोकणातील बेने इस्राएल समाजातही दीर्घकाळ रब्बी नव्हते, प्रार्थना हझ्झान चालवीत.) सॉमरव्हिल येथील हावुरत शालोम या १९६८ मध्ये स्थापन झालेल्या मंडळीने रब्बीविना सामूहिक उपासनेचा प्रयोग आधीच केला होता.

स्वरूप

समानतेसाठी प्रार्थना संक्षिप्त वा सुलभ करावी लागते, हा समज कहिलत हदारने स्वीकारला नाही. संपूर्ण पारंपरिक हिब्रू प्रार्थना कायम ठेवून स्त्री-पुरुषांना सर्व विधींत समान अधिकार देणे हेच त्याचे वैशिष्ट्य होय. स्त्री-पुरुष एकत्र बसतात. प्रार्थनेचे नेतृत्व, तोरावाचन आणि प्रवचन सदस्यच आळीपाळीने करतात.

यातील तोरावाचन विशेष कष्टाचे आहे. गुंडाळीवरील मजकुरात स्वरचिन्हे, विरामचिन्हे वा गायनाच्या खुणा नसतात. त्यामुळे वाचकाला उच्चार व चाल आधी पाठ करावी लागते आणि चूक झाल्यास श्रोते तिथल्या तिथे दुरुस्त करतात. पगारी वाचक नसल्याने हा भार दर आठवड्याला नोकरी वा शिक्षण सांभाळणाऱ्या सदस्यांवर पडतो.

मतभेद व प्रभाव

असे स्वतंत्र मिन्यान तरुणांना प्रस्थापित सिनेगॉगपासून दूर नेतात, अशी टीका झाली. ऑर्थोडॉक्स पंथाला स्त्रियांची गणना मान्य नाही. जेरुसलेममध्ये २००२ साली स्थापन झालेल्या शिरा हदाशाने वेगळी वाट काढली: तेथे मध्ये पडदा असतो आणि दहा पुरुष व दहा स्त्रिया जमेपर्यंत थांबले जाते.

कॉनफर, टकर आणि शाई हेल्ड यांनी २००६ मध्ये मेखोन हदार ही अध्ययनसंस्था उभारली. कॉनफर यांचे 'एम्पॉवर्ड ज्युडाइझम' हे पुस्तक २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. टकर यांनी मिखाएल रोझेनबर्ग यांच्यासह लिहिलेला प्रार्थनेतील स्त्री-पुरुष समानतेवरील शास्त्रीय ग्रंथ २०१७ चा असून, मिन्यानमध्ये कोणाला मोजावे याची चर्चा त्यात मूळ आधारग्रंथांवरून केली आहे.