पहिलटकरणीची वाट

सुश्रुताने शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायात प्रसूतेच्या परिचर्येसाठी चार स्त्रिया सांगितल्या आहेत, आणि त्या परिणत वयाच्या, प्रसूतिकर्मात कुशल व नखे कापलेल्या असाव्यात अशी अट घातली आहे. त्यांतल्या शेवटच्या अटीपाशी मी दर वेळी थबकतो, कारण त्यांच्या बोटांना ज्या कोवळ्या अंगाचा स्पर्श व्हायचा, त्याची काळजी मला त्या एका शब्दात दिसते. चरकाचे सांगणे याहूनही मोलाचे. कळ आलेली नसताना प्रसूतेने जोर करू नये, केल्यास श्रम व्यर्थ जाऊन अपत्यालाही अपाय होतो. कळ आली म्हणजे आधी हळूहळू आणि मग उत्तरोत्तर अधिक बळाने जोर करावा, असे जवळच्या स्त्रियांनी तिला समजावीत राहावे, हा त्याचा उपदेश. योनिमुख आणि गुदद्वार यांच्यामधला मांसल भाग पहिलटकरणीच्या बाबतीत प्रथमच इतका ताणला जात असतो. त्याला अवसर मिळाला तर तो पुष्कळसे निभावून नेतो, आणि बाळाचे मस्तक एकाएकी बाहेर पडले तर फाटतो. एफिससच्या सोरेनस या प्राचीन ग्रीक वैद्यानेही आपल्या ग्रंथात त्या जागी कापड धरून आधार देण्यास सांगितले आहे.

आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी सादर केलेल्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच होता. त्याच अमेरिकेत १९२० साली शिकागोचे प्रसूतितज्ज्ञ जोसेफ डीली यांनी नेमका उलटा मार्ग पुकारला. तो मांसल भाग कात्रीने कापून वाट मोठी करण्याची कल्पना जुनीच होती. डब्लिनच्या फील्डिंग ओल्ड यांनी १७४२ साली तिचे वर्णन केले होते, पण ते अडलेल्या बाळंतपणातला अपवाद म्हणून. डीलींनी अपवादाचा शिरस्ता केला. पहिलटकरणीला गुंगी द्यावी, तो भाग तिरका कापावा, चिमट्याने मस्तक काढावे आणि मग टाके घालावेत. दाताळ्याचा दांडा शरीरात घुसून तेच अंग फाटले तर त्याला आपण विकृती म्हणतो, मग प्रसूतीत फाटले तर ते स्वाभाविक कसे, अशी त्यांची कैफियत होती. डीली निर्दय नव्हते; गरीब स्त्रियांसाठी १८९५ साली त्यांनी शिकागोत प्रसूतिसेवा सुरू केली होती. परंतु नीट कापलेली जखम वेड्यावाकड्या फाटण्यापेक्षा बरी, हे त्यांचे अनुमान कोणी तपासून पाहिले नाही, आणि तरीही त्याचा अंमल दोन पिढ्यांहून अधिक काळ चालला.

सुईणीचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. न धुतलेल्या हातांमुळे आणि हत्यारांमुळे कित्येक बाळंतिणी ज्वराने आणि अर्भके धनुर्वाताने दगावली, आणि खोलवर फाटलेले अंग न शिवल्यामुळे कित्येकींनी ती व्यथा जन्मभर, कोणापाशी न बोलता, सोसली. जिथे बाळाच्या जिवाला धोका असतो तिथे कात्री हवीच. प्रश्न फक्त सरसकट हुकमाचा होता.

त्या हुकमाची रीतसर तहकीकात करण्यात जेनिफर स्लीप या इंग्लंडमधल्या प्रसूतिपरिचारिकेचा वाटा मोठा, याचे मला विशेष समाधान वाटते. वेस्ट बर्कशायरमधल्या १००० स्त्रियांवरची त्यांची चाचणी १९८४ साली प्रसिद्ध झाली. कात्रीवर निर्बंध घातलेल्या गटात अखंड राहिलेल्या स्त्रियाच अधिक निघाल्या. पुढे १९९३ साली अर्जेंटिनातल्या २६०६ स्त्रियांच्या चाचणीत पहिल्या आणि दुसऱ्या खेपेच्या बाळंतिणी होत्या. सरसकट छेदाच्या गटात ८३ टक्के स्त्रियांवर कात्री चालली, निर्बंधाच्या गटात ३०. गंभीर इजा दोन्हीकडे विरळाच, आणि अधिक कापल्याने ती काही घटली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सरसकट छेद घेऊ नये असे स्पष्ट केले.

सिडनीतल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर साधन होते केवळ गरम पाण्यात भिजवून पिळलेले फडके. ७१७ पहिलटकरणींपैकी निम्म्यांच्या त्या ताणलेल्या अंगाला, बाळ बाहेर येत असताना, परिचारिकांनी शेक दिला. टाक्यांची गरज त्याने कमी झाली नाही, पण गुदद्वारापर्यंत पोहोचणाऱ्या जखमा आणि वेदना मात्र उणावल्या. या उपायाला खर्च जवळजवळ नाही. लागतो तो खाटेपाशी थांबून राहणारा माणूस. आणि सुश्रुताने जिथे एकीसाठी चौघी सांगितल्या, तिथे आपल्या गर्दीच्या प्रसूतिगृहांत एकेका परिचारिकेच्या वाट्याला अनेक खाटा येतात, आणि फडके धरून बसायला तिचा हात मोकळा नसतो.