राबिन यांना शत्रूने मारले नाही

४ नोव्हेंबर १९९५ च्या रात्री तेल अवीवमधील शांतता सभा आटोपून निघालेल्या इस्रायलच्या पंतप्रधानांवर, इत्झाक राबिन यांच्यावर, गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा पॅलेस्टिनी नव्हता. यिगाल आमिर हा कायद्याचे शिक्षण घेणारा ज्यू तरुण होता. 'एका माथेफिरूचे कृत्य' म्हणून हा विषय मिटवला जातो. आम्हाला ते मान्य नाही.

आधी राबिन कोण होते ते नीट पाहू. त्यांना शांतिदूत म्हणून मखरात बसवणे आम्हाला जमणार नाही. जुलै १९४८ मध्ये लिद्दा गावातील अरब रहिवाशांना हाकलण्याच्या लष्करी आदेशावर त्यांची सही होती. लिद्दा आणि शेजारच्या रामलेतून पन्नास हजारांहून अधिक माणसे भर उन्हाळ्यात पायी बाहेर काढली गेली. १९६७ च्या युद्धात ते सरसेनापती होते. १९८७ साली पॅलेस्टिनी जनतेने उठाव केला तेव्हा ते संरक्षणमंत्री होते, आणि त्यांच्या सैनिकांनी दगड फेकणाऱ्या पोरांची हाडे मोडली.

याच माणसाने १३ सप्टेंबर १९९३ रोजी वॉशिंग्टनमध्ये यासर अराफत यांच्याशी हात मिळवला. त्याला धाडस लागते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण करार काय होता? पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेने इस्रायलचा राष्ट्र म्हणून जगण्याचा हक्क मान्य केला. इस्रायलने मात्र समोरची फक्त संघटना मान्य केली, राष्ट्र नाही. एकाला देश, दुसऱ्याला प्रतिनिधित्वाचे प्रमाणपत्र! ऑक्टोबर १९९५ मध्ये संसदेत खुद्द राबिन म्हणाले की पॅलेस्टिनींना मिळेल ते राष्ट्रापेक्षा कमीच असेल.

एवढे अर्धेमुर्धे देणेही धर्ममार्तंडांना सहन झाले नाही. ज्यू धर्मशास्त्रात 'रोदेफ' अशी संकल्पना आहे. जीव घेण्यासाठी कुणी दुसऱ्याच्या मागे लागला, तर त्याला आधीच ठार मारण्याची मुभा. काही कट्टर धर्मगुरू हा नियम राबिन यांना लावता येतो का, याचा काथ्याकूट करत होते. जमीन सोडणारा पंतप्रधान म्हणजे ज्यूंच्या जिवावर उठलेला, असा तो तर्क. जेरुसलेमच्या सभेत नाझी गणवेशातील राबिन यांची चित्रे फडकली. त्या सभेत विरोधी पक्षनेते नेतान्याहू यांचे भाषण झाले. पुढे आमिरने आपल्या कृत्याचे समर्थन याच धर्मनियमाने केले. मग माथेफिरू एकटा कसा? पिस्तूल त्याचे होते, परवाना ग्रंथातून काढलेला होता.

आमिरला जन्मठेप झाली. ज्यांनी शास्त्रार्थ केला, त्यांच्यापैकी एकावरही खुनाचा खटला चालला नाही. १९९६ च्या सुरुवातीला हमासने आत्मघाती स्फोट घडवून शांततेच्या विरोधकांचे काम आणखी सोपे केले. मे महिन्यातील निवडणुकीत नेतान्याहू एक टक्क्याहूनही कमी मतांच्या फरकाने पंतप्रधान झाले.